पन्हाळ्यापलीकडची बेटं

कोल्हापूर जिल्ह्याला समुद्र नाही, पण बेटं आहेत. पन्हाळ्याच्या पश्चिमेला पसरलेलं मसाई पठार हे त्यातलं सर्वांच्या ओळखीचं. राधानगरीकडचं इदरगंज, दाजीपूरचा सावराई सडा, बर्की-मानोलीच्या माथ्यावरचे कातळ, चंदगड तालुक्यातला कासारसडा ही त्याच माळेतली. उन्हाळ्यात तिथं गेलं तर काही जगत असेल असं वाटत नाही. काळपट तांबूस दगड, मधूनच वाळल्या गवताचे झुबके आणि खालून येणारी अशी धग की अनवाणी दोन पावलं टाकता येत नाहीत. सातबाऱ्यावर अशा जागेची नोंद पोटखराबा म्हणून होते, देशाच्या पडीक जमिनींच्या नकाशात ती ‘ओसाड, खडकाळ’ या रकान्यात जाते. गेल्या वीसेक वर्षांत प्राणिशास्त्राच्या आणि वनस्पतिशास्त्राच्या अभ्यासकांनी याच जागांवर गुडघे टेकून जे पाहिलं, त्यातून निराळंच चित्र पुढं आलं आहे. उष्ण कटिबंधातल्या समुद्री बेटांवर जीवसृष्टीचं जे होतं, तेच इथं डोंगरमाथ्यांवर होत आलं आहे.

बेट हे कुणासाठी बेट, हे आधी पाहायला हवं. राधानगरीच्या जंगलात २०२२ साली कॅमेऱ्यात आलेला एक नर वाघ २०२३च्या डिसेंबरात चांदोलीत दिसला. अंगावरच्या पट्ट्यांवरून त्याची ओळख पटली. त्याच्या लेखी दाजीपूर, विशाळगड, आंबा आणि चांदोली हा सलग मुलूख. कातळाच्या फटीत राहणाऱ्या बोटभर पालीला मात्र एका सड्यावरून, म्हणजे उघड्या कातळपठारावरून, दुसऱ्यावर जाताना मधलं जंगल, ओढा, भातखाचरं आणि उसाची शेतं ओलांडावी लागतील. तिच्यासाठी तो समुद्रच. आणि उलटही आहे. जंगलातल्या पाचोळ्यात, ओलसर सावलीत राहणाऱ्या जिवाला उघडा सडा ओलांडणं अशक्य असतं. म्हणजे सह्याद्रीच्या या पट्ट्यात एकमेकांत गुंतलेले दोन द्वीपसमूह आहेत, कातळाचा एक आणि रानाचा एक. एकाची जमीन ती दुसऱ्याची खाडी.

रॉबर्ट मॅकआर्थर आणि एडवर्ड विल्सन या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९६७ साली बेटांच्या जीवसृष्टीचा सिद्धांत मांडला. बेट जितकं लहान आणि मुख्य भूमीपासून जितकं दूर, तितक्या जाती कमी, आणि असलेल्या जाती नष्ट होण्याचा धोका जास्त, असं त्याचं सार. तुटलेपणाला काळाची जोड मिळाली की अलग पडलेल्या जिवांच्या पिढ्या हळूहळू बदलत जातात आणि एका जातीच्या दोन होतात. डार्विनला गलापागोसवर आणि वॉलेसला मलाय द्वीपसमूहात हेच दिसलं होतं. आपल्याकडे ते पाहायला गगनबावड्याची एसटी पुरते.

हे सडे झाले कसे? सुमारे सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्ह्याचे थरांवर थर पसरले आणि आपला काळा पाषाण तयार झाला. त्यावर कोट्यवधी वर्षं उष्ण हवेत धो धो पाऊस पडत राहिला. पावसानं खडकातली वाळूची द्रव्यं आणि क्षार विरघळवून नेले. लोह आणि अॅल्युमिनियम तेवढं मागं राहिलं आणि हवेत घट्ट झालं. तोच जांभा. आजही या भागातला पाऊस काय करू शकतो याचा अंदाज आकड्यांवरून येतो. कोल्हापूर शहरात वर्षाला साधारण हजार मिलिमीटर पडतो, तिथून पंचावन्न किलोमीटरवरच्या गगनबावड्यात पाच-सहा हजार. पुढं नद्यांनी डोंगर कापले, दऱ्या खोल गेल्या आणि जांभ्याच्या कठीण टोप्या घातलेले माथे तेवढे वर उरले.

लाव्हा इथं आला तेव्हा सगळा भारतच एक बेट होता, हे आपण सहसा लक्षात घेत नाही. मादागास्करपासून आपला भूखंड साधारण आठ कोटी ऐंशी लाख वर्षांपूर्वी सुटला आणि आशियाला येऊन भिडला तो पाच कोटी वर्षांपूर्वीच्या आसपास. मधली कित्येक कोटी वर्षं तो हिंदी महासागरातून उत्तरेकडे सरकत होता. त्याच काळात सेशेल्सचा तुकडा त्यापासून तुटून मागं राहिला. या जुन्या सोयरिकीचे साक्षीदार अजून आपल्या मातीत आहेत. आंबोलीच्या परिसरात मातीखाली राहणारा, गांडुळासारखा दिसणारा, बिनपायांचा एक उभयचर आहे. गावात त्याला गांडूळ किंवा सापाचं पिल्लू समजून मारतात. प्रत्यक्षात तो बेडकांच्या गोतावळ्यातला. वरद गिरी आणि त्यांच्या ब्रिटिश सहकाऱ्यांनी २००३ साली त्याचं वर्णन करून त्याला गेगेनिओफिस डॅनिएली हे नाव दिलं. त्याचे जवळचे नातेवाईक सेशेल्स बेटांवर आहेत. खाऱ्या पाण्यात उभयचर सहसा तगत नाहीत. इतका समुद्र ते पोहून गेलेले नाहीत, जमीनच दुभंगली.

पालींची गोष्ट याहून लांबलचक आहे. नेमास्पिस नावाचं पालींचं एक कुळ सह्याद्रीत आणि दक्षिण भारतात पसरलेलं आहे. घरातल्या पालीसारखी ती रात्री भिंतीवर चढत नाही. दिवसा हिंडते, तिची बाहुली गोल असते, आणि बोटांना चिकटणारे रुंद पंजे नसून बारीक, वाकडी नखं असतात. हाताच्या अंगठ्याहून थोडी मोठी. दगडाला कान लावून बसल्यासारखी स्तब्ध असते आणि सावली पडली की क्षणात फटीत जाते. दाजीपूरच्या रानातल्या जमिनीवर राहणाऱ्या अशा एका पालीचं वर्णन वरद गिरी, अॅरन बॉवर आणि केदार गायकवाड यांनी २००९ साली केलं आणि तिला कोल्हापूरचं नाव दिलं, नेमास्पिस कोल्हापूरेन्सिस. २०२१मध्ये अक्षय खांडेकर, तेजस ठाकरे आणि ईशान अगरवाल यांनी आंब्याच्या परिसरातून आणखी एक जात नोंदवली, तिच्या नावातच आंबा आहे. बर्कीच्या नावाचीही एक पाल आहे. एका जिल्ह्याच्या एका कडेला इतक्या जाती सापडाव्यात आणि प्रत्येकीचा मुलूख चार डोंगरांचा असावा, हेच बेटाचं लक्षण.

त्याच २०२१ साली सौनक पाल, झीशान मिर्झा आणि सहकाऱ्यांनी पश्चिम घाटातून या कुळाच्या बारा नव्या जाती एका दमात मांडल्या आणि जनुकांवरून वंशावळ काढली. दक्षिण आशियातल्या या कुळाची मुळं सहा कोटी वर्षांच्या आसपास, पश्चिम घाटातच जातात असं त्यातून दिसतं. म्हणजे भारत बेट असताना या पाली त्यावर होत्या. मग उत्तर सह्याद्रीतल्या, लाव्ह्याच्या डोंगरांवरच्या पाली आल्या कुठून? जिथं लाव्हा पसरला तिथलं आधीचं सगळं जळून-गाडलं गेलं असणार. जाह्नवी जोशी आणि प्रवीण कारंथ यांनी २०१३ साली घोणींच्या जनुकांवरून दाखवलं की त्या उलथापालथीत दक्षिणेकडचा पश्चिम घाट आसरा ठरला असावा आणि तिथून जीव पुढं उत्तरेकडे सरकले असावेत. समुद्रातून वर आलेल्या ज्वालामुखीच्या बेटावर जसे बाहेरून जीव येऊन वसतात, तसं आपल्या डोंगरांचं झालं. कोल्हापूर त्या वाटेवरचा मधला टप्पा. म्हणून इथल्या प्रत्येक सड्याची नोंद महत्त्वाची, कारण साखळीतली मधली कडी गहाळ झाली तर दोन टोकांचं नातं जुळवता येत नाही.

अशा तुटलेल्या जोडीचं सर्वांत स्पष्ट उदाहरण भेकांचं आहे. झँथोफ्राइन या कुळात दोनच जाती. एक कोयनेकडची, १९६३ साली नोंदलेली. दुसरी आंबोलीची, अंगावर वाघासारखे पट्टे असलेली, २००९ साली सत्यभामा दास बिजू आणि सहकाऱ्यांनी वेगळी ठरवलेली. उत्तरेला एक, दक्षिणेला एक, आणि मध्ये जवळजवळ सगळा कोल्हापूर जिल्हा. आंबोलीचा हा भेक वर्षभर कुठं असतो ते कळतही नाही. वळवाचे दिवस संपून पहिला दमदार पाऊस झाला की नर कातळावर गोळा होतात, थोड्या दिवसांत सगळं उरकतं, आणि मादी अंडी घालते ती जांभ्यावरच्या तळहाताएवढ्या उथळ खळग्यात. पावसानं चार दिवस ओढ दिली तर खळगा आटतो आणि अंडी गेली. इतकी जोखीम घेऊन ती तिथंच का घालते? खोल, कायमच्या पाण्यात मासे असतात, कीटकांच्या अळ्या असतात. खळग्यात खाणारे कमी.

त्या खळग्याकडे थोडं थांबून पाहायला हवं. जूनच्या अखेरीस त्यात बोटभर पाणी असतं, तळाशी चिमूटभर लालसर गाळ. पाण्यात काहीतरी उताणं पोहताना दिसतं, पारदर्शक, बोटाच्या पेराएवढं, असंख्य पाय एका लयीत हलणारं. कोळंबीचे हे दूरचे भाऊबंद. यातल्या एका जातीला ख्रिस्तोफर रॉजर्स आणि समीर पाध्ये यांनी २०१४ साली सह्याद्रीचं नाव दिलं, स्ट्रेप्टोसेफॅलस सह्याद्रिएन्सिस. खळगा आटायच्या आत ती मोठी होते, अंडी घालते आणि मरते. अंडी मात्र कोरड्या गाळात तग धरतात. एका पावसाळ्यात पाणी पुरलं नाही तर पुढचा आहे. खळगा हाही बेटच, आणि बेटावर जन्मलेल्या या जिवाची अंडी वाऱ्यानं उडून किंवा गुराच्या खुराला चिकटून दुसऱ्या खळग्यात पोचतात.

कडेच्या ओल्या कातळावर निळ्या-जांभळ्या बारीक फुलांचा गालिचा दिसतो, ती सीतेची आसवं. सड्यावरच्या मातीत नत्र जवळपास नसतं, तेव्हा ही वनस्पती ते मांसातून मिळवते. तिच्या धाग्यांसारख्या भागांवर मोहरीहून लहान फुगे असतात. फुगा आतलं पाणी बाहेर टाकून दाबून बसतो. तोंडाशी चार-दोन केस असतात. एखाद्या सूक्ष्म जिवाचा धक्का केसाला लागला की झडप उघडते, पाणी जिवासकट आत खेचलं जातं आणि झडप मिटते. हे खेचणं एका सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षा कमी वेळात. वनस्पतींच्या हालचालींमध्ये याहून चपळ फार थोड्या. जुलैत पठारावर येणाऱ्यांच्या गर्दीत तिच्यावरून हजारो पावलं जातात, वाकून पाहणारे थोडे.

पावसाळ्यानंतरचे आठ महिने काढायचे कसे, याला सड्यावरच्या झाडझाडोऱ्यानं दोन उत्तरं शोधली आहेत. एक म्हणजे जमिनीखाली कंद करून झोपणं. खर्पुडीच्या जाती, दीपकाडी, मुसळीचे भाऊबंद सगळे याच वाटेनं जातात. खर्पुडीचं फूल कंदिलासारखं असतं. वासाला भुलून चिलट आत शिरतं, नळीतल्या खाली वळलेल्या केसांमुळे अडकतं, आणि केस कोमेजले की परागाची पुडी घेऊन सुटतं. गुराखी पोरं तिचे कंद खणून खातात. शिवाजी विद्यापीठात प्रा. श्रीरंग यादव आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी या दुर्मीळ जाती डोंगराडोंगरांवरून शोधल्या, विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानात वाढवल्या, रोपं करून पुन्हा रानात नेली. माझ्या मते कोल्हापूरच्या विज्ञानाचं हे सर्वांत मोलाचं काम आहे, आणि गावात त्याची चर्चा रंकाळ्याच्या जलपर्णीइतकीही होत नाही. दुसरं उत्तर म्हणजे पूर्ण वाळून जाणं, पण मरायचं नाही. ट्रायपोगॉनसारखी गवतं कडक तपकिरी होतात, पाणी मिळालं की काही तासांत पुन्हा हिरवी. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत मंदार दातार यांच्या गटानं पश्चिम घाटातल्या अशा ६२ वनस्पतींची यादी अलीकडे दिली. त्याआधी नऊच माहीत होत्या. दुष्काळात टिकणारी पिकं शोधणाऱ्यांना या वाळून जगण्याच्या युक्तीत रस आहे.

सडे निर्मनुष्य कधीच नव्हते. माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा यांनी गवळी धनगरांवर केलेला अभ्यास १९८२ साली प्रसिद्ध झाला, तो आजही वाचावा असा. खोऱ्यात कुणब्याची भातशेती, माथ्यावर धनगराची म्हसरं, अशी जागेची वाटणी त्यांनी दाखवली. धनगरवाडे मुद्दाम लहान आणि विखुरलेले, कारण माथ्यावरचा चारा मोजका. लोणी-तूप डोक्यावर घेऊन खाली उतरायचं, धान्य घेऊन वर चढायचं. एकमेकांच्या वाट्याला न जाता एकाच डोंगरावर दोन समाज पिढ्यान्‌पिढ्या राहिले. धरणं झाली, जंगलाचे नियम आले, तुपाला बाजार उरला नाही आणि वाडे रिकामे होत गेले. मसाईच्या अल्याडपल्याड आजही काही वाडे आहेत. कुठला खळगा मेपर्यंत पाणी धरतो आणि कुठल्या घळीत गवा उतरतो, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नाही. संशोधनाच्या निबंधांत त्यांची नावं आभारात येतात. माझ्या मते ती त्याहून वर यायला हवीत.

माणसासाठी हे माथे वाट होते. पन्हाळ्याच्या पायथ्यापासून मसाईवरून विशाळगडाकडे जाणारी वाट १६६०च्या जुलैत शिवाजी महाराजांनी सिद्दी जौहरच्या वेढ्यातून निसटताना धरली. बाजीप्रभूंची पावनखिंड याच वाटेच्या शेवटाला. उघड्या सड्यावर पावसाळ्यात माग राहत नाही आणि धुक्यात दहा हातांवरचं दिसत नाही. पठाराच्या कडेला पांडवदऱ्याची बौद्ध लेणी आहेत, म्हणजे राबता त्याहून कितीतरी जुना. घाटवाटांनी कोकणातला माल वर येत होता. कोल्हापुरात पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४०च्या दशकात सापडलेली समुद्रदेव पोसायडनची काशाची रोमन मूर्ती टाऊन हॉलच्या संग्रहालयात आहे. ज्या डोंगररांगेवरून रोमचा देव वर चढला, तीच एखाद्या पालीला ओलांडता आली नाही.

आता प्रश्न या बेटांच्या टिकण्याचा. जांभा ज्या कारणानं झाला, त्याच कारणानं त्यात बॉक्साइट आहे. राधानगरी, शाहूवाडी, चंदगड तालुक्यांतल्या सड्यांवरून ते खणून बेळगावच्या अॅल्युमिना कारखान्याकडे जात आलं. बॉक्साइट काढणं म्हणजे वरची टोपीच काढणं. बेटच उरत नाही. नंतर माती टाकून झाडं लावली की पुनर्वसन झालं असं मानतात. सड्यावर झाड ही दुरुस्ती होत नाही. ऑस्ट्रेलियन बाभळीच्या सावलीत सीतेची आसवं येत नाहीत आणि पालीला ऊन मिळत नाही. वृक्षारोपणाचा उत्साह सड्यांपासून दूर ठेवावा, असं डॉ. अपर्णा वाटवे कित्येक वर्षं सांगत आहेत. कातळ-पठारांचा सर्वंकष आढावा त्यांनी २०१३ साली प्रसिद्ध केला.

पवनचक्क्यांचं उदाहरण जास्त सूक्ष्म आहे. मारिया ठाकर, अमोद झांबरे आणि हर्षल भोसले यांनी साताऱ्याच्या चाळकेवाडी पठारावर पाहणी केली, ती २०१८ साली प्रसिद्ध झाली. पवनचक्क्या नसलेल्या भागात शिकारी पक्षी जवळपास चौपट होते. चक्क्यांखाली घारी-ससाणे घटल्यामुळे निळ्या गळपंखाचे सरडे वाढले, पण ते बारीक झाले, माणसाला कमी भिऊ लागले, नरांच्या गळ्याचा रंग फिकटला. चक्कीनं सरड्याला हातही लावला नव्हता. कोकणातल्या कातळांवर विजयन जितिन आणि सहकाऱ्यांनी आंबा-काजूच्या बागा आणि भातखाचरांचा परिणाम मोजला. तिथल्या पांढऱ्या पट्ट्यांच्या छोट्या पालीला सुट्या दगडाखालची सावली लागते. बागेसाठी दगड वेचून गडगे घातले की तिचं घर जातं. त्यावरून साधी गोष्ट हाती लागते. पठारावर फोटोसाठी दगडांचे मनोरे रचू नयेत, आणि कुतूहलानं उलटलेला दगड होता तसा परत ठेवावा.

कायद्याच्या बाजूनं काही झालं आहे. राधानगरीचं अभयारण्य राज्यातलं पहिलं, १९५८ साली गव्यांसाठी झालेलं; १९८५ साली ते ३५१ चौरस किलोमीटरपर्यंत वाढलं आणि २०१२ साली कास, कोयना, चांदोलीबरोबर जागतिक वारसा यादीत गेलं. २०२०च्या अखेरीस विशाळगड, पन्हाळगड, गगनबावडा, आजरा-भुदरगड, चंदगड इथली वनं संवर्धन राखीव करण्याचा निर्णय झाला आणि पुढं मसाई पठाराचाही क्रम लागला. आजऱ्यातून वाहणाऱ्या हिरण्यकेशीच्या उगमाशी, आंबोलीच्या महादेवाच्या कुंडात, २०२० साली माशाची एक नवी जात सापडली, शिस्टुरा हिरण्यकेशी, आणि दुसऱ्याच वर्षी ते कुंड जैवविविधता वारसा स्थळ झालं. देवाचं पाणी म्हणून तिथं कुणी जाळं टाकलं नव्हतं, म्हणून मासा होता.

अभयारण्यात आणि संवर्धन राखीव क्षेत्रात एक मोठा फरक आहे. राखीव क्षेत्रासाठी कायद्यानं व्यवस्थापन समिती नेमावी लागते आणि तिच्यात हद्दीतल्या प्रत्येक ग्रामपंचायतीचा एक प्रतिनिधी असतो. मसाईच्या समितीत ती खुर्ची धनगरवाड्यातल्या माणसाला द्यावी, आणि जुलैत पन्हाळा ते पावनखिंड चालणाऱ्या हजारोंसाठी पठारावरची वाट खळग्यांपासून कुठून वळवायची, हे त्याला विचारून ठरवावं. पुढच्या पावसाळ्याच्या आत हे करता येण्यासारखं आहे.